आमच्या देवळातला बैल

मिस्त्रींच्या घरी मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिला महिनाभर माझी अशी समजूत होती की त्यांचं देऊळ रत्नागिरीकडे कुठेतरी आहे. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. माणूस कोकणातला आणि उठताबसता "आमच्या देवळात" म्हणणारा. आमच्या देवळात बाक कधी हलत नसत. आमच्या देवळात घंटा झाली की शेतातली माणसं डोक्यावरच्या टोप्या काढत. वाशीच्या त्या दोन खोल्यांतल्या कुठल्याही वस्तूला नाव ठेवायचं झालं की आमचं देऊळ निघायचं आणि मी मान डोलवायचे. मग एके दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "आमच्या देवळातला पुजारी दारू प्यायचा. पण शिस्तीत. पूजा चालू असताना, सगळ्यांच्या समोर, एकच घोट."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "काका, कुठलं देऊळ हे?"

"फ्रान्सातलं गो पोरी," ते म्हणाले. चेहरा असा, की हे न कळण्याइतकी मी मठ्ठ असेन असं त्यांना वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "इतके दिवस सांगितलंच नव्हतं वाटतं हिला? म्हणूनच टिकली."

मी मूळची परभणीची. उरणच्या बाजूला तेव्हा नवं बंदर बांधायचं काम जोरात होतं आणि तिथल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. एकट्या मुलीला खोली द्यायला वाशीत कोणी तयार नव्हतं. मिस्त्रींनी दिली. दिली म्हणजे, मी ज्या खुर्चीवर बसून खोली मागितली, त्या खुर्चीवरून मला उठवलं, खुर्ची उलटी केली, तिचा पाय ठोकून बघितला, मला पुन्हा बसवलं आणि मग "राहा" म्हणाले. मी कोण, कुठली, याची चौकशी नंतर काकूंनी केली.

मिस्त्री म्हणजे जहाजावरचे सुतार. जन्म बोटींवर गेलेला. निवृत्त झाल्यावर सगळी पुंजी घालून त्यांनी खाडीपलीकडच्या या नव्या गावात घर घेतलं, तेव्हा आजूबाजूला चिखल आणि सरकारी पाट्या याशिवाय काही नव्हतं. काडीसारखे किडकिडीत, उजव्या पायाने जरासे लंगडत, कानावर पेन्सिल, अंगात जाळीचा बनियन. कुणाच्याही घरी गेले की आधी फर्निचरला भेटायचे. वरच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मिस्त्रींना शेजारधर्म म्हणून बोलावलेलं. पोहे आले, मुलगी आली आणि मिस्त्री मुलाच्या वडिलांना म्हणाले, "जरा उठा." ते बिचारे उठले. मिस्त्रींनी त्यांची खुर्ची उलटी करून गुडघ्यात धरली आणि सगळा कार्यक्रम तिच्या पायाभोवती फिरला. लग्न जमलं, पण त्यात मिस्त्रींचा काही हात नव्हता.

आणखी एक खोड. वेळेआधी आलेली गाडी त्यांना चालायची नाही. उशिरा आली तर एक अक्षर बोलायचे नाहीत. माझी ऑफिसची बस सकाळी थोडी लवकर येऊन खाली हॉर्न वाजवायला लागली, की हे बाल्कनीत. "वेळेआधी यायचं नाय! माणसाचं काय काम अर्धं ऱ्हायलेलं असेल!"

ड्रायव्हर उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातला, तोही काही कमी नव्हता. खालून म्हणायचा, "आवो मिस्त्री, मी लवकर आलो त तुमाला कोनता तरास हाय? बाय तयार हाय ना?" मी तयार असायचे. केसांना पिन लावून, डबा घेऊन दारातच उभी असायचे. तरी मिस्त्री मला बरोबर वेळ होईपर्यंत खाली उतरू द्यायचे नाहीत. बसमधली सगळी माणसं खिडकीतून वर बघत बसायची. मला भारी राग यायचा, पण घर त्यांचं होतं.

तर फ्रान्स. दुसरी मोठी लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. मिस्त्रींची मालवाहू बोट फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या एका बंदराला लागली असताना ते फळीवरून घसरले आणि पाय मोडून घेतला. बोट त्यांना दवाखान्यात सोडून निघून गेली. दवाखाना सिस्टर लोकांचा. पाय जुळत आल्यावर सिस्टरनी त्यांना आत दूरच्या एका खेड्यात फादरकडे धाडलं. कंपनीची दुसरी बोट येईपर्यंत तिथे राहायचं. फादरच्या घराला लागून चर्च. चर्चच्या छपरावर लढाईत तोफगोळा पडलेला, आतलं निम्मं सामान मोडलेलं आणि दारात लंगडत उभा राहिलेला माणूस सुतार. फादरने दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले, असं मिस्त्री सांगायचे.

"फुकटचा सुतार मिळाल्यावर मीपण मानले असते," काकू म्हणायच्या.

त्या चर्चमधली एकेक वस्तू मिस्त्रींच्या हाताखालून गेली होती आणि प्रत्येकीला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. फादर ज्यावर उभा राहून उपदेश करायचा ते कोरीव लाकडी काम म्हणजे मचाण. माणसं जिथे बसून आपली पापं सांगायची ते कबुलीचं कपाट. पोरांच्या डोक्यावर पाणी घालायचं ते दगडी घंगाळ. प्रत्येक वस्तूचा इतिहास त्यांना पाठ होता. पण हा इतिहास त्यांना कळला कसा, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती, कारण फादरला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं आणि मिस्त्रींना फ्रेंच येत नव्हतं. फादर खडूने फरशीवर चित्रं काढायचा आणि नाटक करून दाखवायचा.

"तो मुका, हे बहिरे आणि इतिहास चारशे वर्षांचा," काकू म्हणायच्या.

त्यामुळे इतिहास दर वेळी जरा हलायचा. देऊळ कुणा सरदाराने बांधलं होतं. शिकारीला गेला असताना त्याच्या बाणाने सख्खा भाऊ मेला, त्याचं हे प्रायश्चित्त. मिस्त्री सांगताना धनुष्य ओढून दाखवायचे, कारण फादरने तसंच दाखवलं होतं. पण बाण सोडल्यावर फादरने रडून दाखवलं की हसून, हे त्यांना नक्की आठवायचं नाही. म्हणून सरदाराने भावाला कधी चुकून मारलेलं असे, कधी मुद्दाम. मचाणावर एक संत सैतानाला पायाखाली दाबून उभा होता आणि त्या सैतानाचं तोंड गावच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं होतं, कारण कोरणाऱ्या सुताराचं त्याच्याशी वाकडं होतं. हे मात्र कधी बदललं नाही. आणि घंटा. पूर्वी कधीतरी सरकारची माणसं घंटा वितळवून तोफा करायला निघाली, तेव्हा गावाने ती रातोरात काढून तळ्यात बुडवली. पुढे गडबड मिटल्यावर बैल जुंपून बाहेर ओढली. मिस्त्री इथे स्वतः बैल व्हायचे. मान खाली घालून, डोळे मोठे करून, जमीन पायाने उकरत, सगळ्या खोलीतून ती घंटा ओढत न्यायचे. एवढा ओढणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

मी राहायला आले त्या वर्षीच्या नाताळात मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. म्हटलं, कुठे? तर वाशीतल्या चर्चमध्ये. प्रार्थनेला नाही, गोठा बघायला. नाताळात येशूच्या जन्माचा गोठा मांडतात, त्यात बाळ, आईबाप, मेंढपाळ, एक गाढव आणि एक बैल असतो. मिस्त्री तास-दीड तासाने परत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "प्लास्टरचा हाय. पाठ सपाट." बस्स. जेवलेसुद्धा नाहीत नीट.

मी काकूंकडे बघितलं. काकूंच्या पुढ्यात कोलंबी होती, त्या मान वर न करता म्हणाल्या, "आता सांगून टाका तिला. नायतर ती मलाच विचारील आणि मी चुकीचं सांगीन."

मग त्यांनी सांगितलं. त्या गावातही गोठा मांडायचे. लाकडी मूर्ती, फार जुन्या. तोफगोळा पडला त्यात गाढवाचा कान गेला आणि बैलाचा पार चुरा झाला. नाताळ जवळ आला तसा फादर त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला, डोक्याला दोन बोटं लावली आणि हंबरला. मिस्त्रींना कळलं. मोडक्या बाकाचं ओक लाकूड निवडलं. "ओक म्हंजे त्यांचा साग समज," ते म्हणाले. आणि कुणाला बघू न देता, वर फडकं टाकून, दिवसचे दिवस बैल कोरला. असा कोरला, असा कोरला की त्यांच्या वडिलांच्या गोठ्यातला बैल तिथे आला.

"फडकं काढलं तेव्हा सगळे जमलेले. फादर, बाया, पोरं. एकमेकांकडं बघायला लागले. मग पोरं हसायला लागली. फादरपण हसायला लागला, डोळे पुसपुसून. एक म्हातारी पुढं आली, बैलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला कायतरी विचारलं. मी हसलो. मला वाटलं, आवडला."

"मग?"

"मग संध्याकाळी रस्त्यानं त्यांचे बैल घरी येत होते. रोज बघायचो मी. त्या दिवशी बघितले." मिस्त्रींनी तळहात हवेत आडवा फिरवला. "वशिंड नाय गो त्यांच्या बैलांना. पाठ सपाट. म्हशीसारखी. आणि मी दिलेला वशिंडाचा."

मी हसले. काय करणार, हसू आलं. काकूही हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी ठरवलं होतं, सकाळी उठून तासाभरात वशिंड तासून टाकायचं. पण कंपनीच्या एजंटाची मोटार दुपारी यायची ती सकाळी उजाडताच आली. बोट तयार होती. मिस्त्रींनी ड्रायव्हरला हातापाया पडून सांगितलं, एक तास थांब. सांगितलं मराठीत. तो थांबला नाही. बैल वशिंडासकट मागे राहिला आणि नाताळ तीन-चार दिवसांवर होता.

"गोठ्यात ठेवला की नाय, कोण जाणे," मिस्त्री म्हणाले. "देवाच्या घरात चेष्टा केल्यासारखं झालं ते. थंडी मरणाची होती तेव्हा. जळायला लाकूड मिळत नव्हतं कुणाला. आणि ओक छान जळतं."

पत्र का नाही पाठवलं, असं मी विचारलं. तर गावाचं नाव त्यांना म्हणता येत होतं, लिहिता येत नव्हतं. म्हणायचे तेसुद्धा असं, की नकाशात शोधायला जावं तर नकाशा मिटून ठेवावा. फादरचं नाव फादर. पुढे निवृत्त होईपर्यंत हा माणूस पृथ्वीवरच्या सगळ्या बंदरांना जाऊन आला, पण त्या एका बंदराला त्याची बोट पुन्हा लागली नाही. मचाण, घंगाळ, कपाट, सरदार हे सगळं तो जगाला सांगत होता आणि त्याला स्वतःला एकच गोष्ट माहीत करून घ्यायची होती. बैल ठेवला की जाळला? लवकर आलेल्या गाडीवर तो का ओरडतो, हे मला त्या दिवशी कळलं. तरी सोमवारी बस लवकर आली आणि ते ओरडले, तेव्हा मला राग आलाच.

इमारतीत मात्र कुणाचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पोरं त्यांना 'फ्रान्स' म्हणायची. त्यातून मिस्त्रींचा स्वभाव असा, की गप्प बसवत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या लोकांना चेअरमनचं बोलणं ऐकू येत नाही, अशी तक्रार आली. मिस्त्री म्हणाले, मचाण करू या. बंदरावर परदेशी यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, ती मोडकी खोकी त्यांनी माझ्याकरवी साहेबाला विचारून टेम्पोतून आणली आणि गच्चीवर महिनाभर ठोकाठोक केली. काम बाकी झकास झालं. गोल कठडा, चढायला वळणाचा जिना, डोक्यावर आवाज परत फिरवणारं छत्र. फक्त माप फादरचं होतं. फादर होता वीतभर रुंद. आमचे चेअरमन कांदाबटाटा मार्केटात अडत्याचं काम करणारे, तब्येतीने खाऊन-पिऊन सुखी. ते वर गेले कसे, हे आजही कोडंच आहे. पाण्याच्या टाकीवर सुरेख बोलले. मागच्या ओळीला शब्द न् शब्द ऐकू आला. मग उतरायला वळले आणि जिन्याच्या वळणात अडकले.

सभा तहकूब करावी तर तहकूब करणारा वरच. मग लोकांना सुचलं, की आता हा कुठे जात नाही. टाकीची गळती, लिफ्ट, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, सगळं विचारून घेतलं. इतकी सविस्तर सभा आमच्या सोसायटीत पुन्हा झाली नाही. शेवटी मिस्त्रींनी करवत आणून कठडा कापला आणि चेअरमन मोकळे झाले. खाली आल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "फ्रान्स-बिन्स सगळ्या थापा हायेत याच्या. बोटीवर भांडी घासत असेल हा."

मचाणाचे तुकडे गोळा करून मिस्त्रींनी घरी आणले आणि पलंगाखाली रचून ठेवले.

त्यानंतर कबुलीच्या कपाटाचा प्रयोग तरी करायचा नाही. पण तळमजल्यावरच्या बाई आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई यांचं वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवरून जुंपलं होतं. मिस्त्रींनी दोघींना आमच्या घरी आणलं, काकूंच्या दुधाच्या जाळीच्या कपाटाची पाठ उचकटली, ते मधे ठेवलं आणि दोघींना दोन बाजूंना बसवलं. तोंड दिसत नाही म्हटल्यावर माणूस मनातलं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं ठरलं. एरवी तोंडावर जे बोलायची हिंमत झाली नसती ते सगळं दोघी बोलल्या. एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या. त्या गेल्यावर काकूंनी विचारलं, "तुमच्या देवळात असंच व्हायचं?"

मिस्त्री उचकटलेली पाठ हातात घेऊन म्हणाले, "नाय. तिथं मधे फादर बसायचा."

काकूंचं दुधाचं कपाट त्यानंतर पाठीशिवायच राहिलं.

पुढे आमच्या ऑफिसात एक फ्रेंच इंजिनिअर आला. यंत्रं बसवायला. तरुण, हसरा, इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी घरी काही बोलले नव्हते, पण ड्रायव्हरने बाल्कनीखालून मिस्त्रींना सांगून टाकलं, "तुमच्या गावचा मानूस आलाय." झालं. साहेबाला रविवारी जेवायला बोलावल्याशिवाय मला घरात राहता येईना.

साहेब आला. चेअरमनही काही कारण काढून आले, थाप उघडी पडताना बघायला. मिस्त्री कोट घालून दारात उभे. साहेबाने हात पुढे केला, मिस्त्रींनी तो धरला आणि चाळीस वर्षं जपून ठेवलेलं फ्रेंच वाक्य बोलले. साहेबाने गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, "ते म्हणतात, पाय हलतोय." त्याने आपले पाय बघितले. मग मिस्त्रींनी आणखी फ्रेंच काढलं. सरस, खिळा, बिजागरी, आडवी पट्टी. कसे आहात, बसा, जेवा, यातलं एकही त्यांना येत नव्हतं. फादरने त्यांना कामापुरतंच बोलायला शिकवलं होतं.

मग परीक्षा सुरू झाली. तुमच्या गावच्या देवळात मचाण कुठल्या अंगाला? साहेब म्हणाला, तो शहरातला, चर्चमध्ये फक्त लग्नाला जातो आणि तेव्हाही मागे उभा राहतो. मिस्त्री मला मराठीत म्हणाले, "हा फ्रान्सचा नाय. नीट चौकशी कर." चेअरमन खुश झाले. काकूंनी वाढायला घेतलं. कोलंबीचं कालवण तोंडात गेल्यावर साहेब सगळ्यांचाच झाला, पण मिस्त्री जेवेनात. ते उठले, खडू आणला आणि काकूंनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. बंदर काढलं. नदी काढली. होडीने ओलांडायची ती जागा, विटांची भट्टी, उंच सरळ झाडांचा रस्ता, दोन वळणं, तळं आणि तळ्याच्या काठी देऊळ. मग देवळाच्या आतलं सगळं. मचाण, कपाट, घंगाळ, एकेक बाक. मी भाषांतर करायचं सोडून दिलं होतं. साहेब ताट बाजूला सारून खाली बसला आणि बघता बघता खिशातून कागद काढून ते सगळं उतरवून घेऊ लागला. म्हणाला, बायकोचं माहेर त्याच बाजूला आहे. नाताळात सुट्टीवर जाणार आहे. जाऊन बघीन.

मिस्त्रींनी खडू खाली ठेवला.

"बैलाचं विचारा ना," काकू म्हणाल्या.

"बैल नको."

"अहो, आता समोर माणूस बसलाय आणि..."

"नको म्हटलं ना," मिस्त्री म्हणाले आणि बाल्कनीत निघून गेले. मला तेव्हा त्यांची खरंच दया आली. इतकी वर्षं ठेवला असेल, ठेवला असेल, असं म्हणत त्यांनी काढली होती. नाही ठेवला, असं कुणी येऊन सांगितलं तर मग काय करायचं?

काकूंना असली कीव परवडणारी नव्हती. त्यांनी साहेबाचा हात धरून बसवला आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला." मी सांगितलं. वशिंड म्हणजे काय ते इंग्रजीत येईना, म्हणून काकूंनी माझ्या खांद्यावर लिंबू ठेवून दाखवलं.

जानेवारीत साहेब परत आला आणि ऑफिसात पाय ठेवल्याबरोबर त्याने माझ्या टाइपरायटरवर एक फोटो ठेवला. गोठा होता. बाळ, आईबाप, एका कानाचं गाढव. आणि बैल. बैलाला वशिंड होतं. चांगलं गलेलठ्ठ. आणि ते वरून नुसतं चकचकत होतं. मला एवढा आनंद झाला, की मी उठून उभी राहिले. साहेब म्हणाला, थांब, हा तो बैल नाही.

त्याने सांगितलं ते असं. बायकोच्या मामाला त्याने कागद दाखवला. मामाने तळं बघितलं आणि घंटेचं नाव काढताच गाव ओळखलं. फादर कधीच वारला होता. मिस्त्रींचा बैल त्याच नाताळात गोठ्यात ठेवला होता आणि पुढे वर्षानुवर्षं ठेवला. मग त्याला कीड लागली. पाच-सहा वर्षांपूर्वी गावाने वर्गणी काढून शहरातल्या चांगल्या कारागिराकडून नवा बैल करून घेतला. त्याने केला सपाट पाठीचा, तिकडे असतात तसा. गावाने तो परत पाठवला. म्हणाले, हा आमचा बैल नाही. आमच्या बैलाला खांद्यावर उंचवटा असतो. तेव्हा त्याने हा फोटोतला करून दिला. उंचवटा का असतो? तर त्याने तळ्यातून घंटा ओढून काढली, तेव्हा त्याचा खांदा सुजला तो सुजलाच. गावात हे पोरासोरांना माहीत आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळी पोरं ओळीने येतात आणि त्या उंचवट्यावर हात फिरवतात. त्याशिवाय गोठा पुरा होत नाही. ही रीत किती जुनी, असं साहेबाने विचारलं, तर चर्चमधली बाई म्हणाली, पहिल्यापासून आहे.

बसमध्ये मी तो फोटो पर्समध्ये ठेवला होता आणि पर्स छातीशी धरली होती.

घरी मिस्त्री पलंगाखालच्या लाकडांची मांडामांड करत होते. मी त्यांना आधी बसवलं. काकूंना बोलावलं. सगळं सांगितलं आणि फोटो हातात दिला. मिस्त्रींनी चष्मा लावला. खिडकीशी गेले. बराच वेळ फोटो जवळ धरला, लांब धरला.

"वशिंड मागं आलंय," ते म्हणाले.

"काय?"

"मानेला लागून पायजे. हे पाठीच्या मधेच आलंय. उंटासारखं. ज्यानं केलंय त्यानं जन्मात बैल बघितलेला नाय."

"त्यानं कुठनं बघायचा होता?" काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सरळ सांगितलं, "वाकडं का होईना, पण ठेवलं हो त्यांनी." माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. मिस्त्री खिडकीतच उभे होते. मग आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "मी तर तासून टाकणार होतो. एक तास पुरला असता."

मग ते जेवले नेहमीसारखे. चेअरमनना फोटो दाखवायचा का, असं मी विचारलं, तर म्हणाले, कशाला, वशिंड चुकलेलं आहे, उगाच आपली शोभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस लवकर आली. चांगलीच लवकर. खाली हॉर्न वाजला आणि मिस्त्रींची पावलं बाल्कनीकडे गेली. मी दारात डबा घेऊन उभी होते, मनात म्हटलं, झालं सुरू. खाली ड्रायव्हरनेही खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. त्याचं उत्तर तयार होतं.

"लवकर आलात," मिस्त्री वरून म्हणाले. "बरं केलंत."

ड्रायव्हर तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मी जिना उतरून बसमध्ये चढले, तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, "काय गो बाय, मिस्त्रींची तब्बेत बरी हाय ना?"

मी म्हटलं, "बरी आहे. चला."